साडेचारशे वॅटची गोष्ट

लग्नाच्या पंगतीत जिलबी कशी झाली होती, हे लोक वर्षभर सांगतात. मांडव कोणी घातला, सनई कोणी वाजवली, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहते. पण मागच्या अंगणात धुराने डोळे चोळीत ज्याने चुलाण सांभाळले, त्याची आठवण कोणालाच नसते. ती फक्त एकाच प्रसंगी होते: भात कच्चा राहिला म्हणजे!

संगणकाच्या पेटीतही असाच एक चुलाण सांभाळणारा असतो. मुले त्याला पॉवर सप्लाय म्हणतात, दुकानदार एसएमपीएस म्हणतात, आणि आपण आईबाप बहुधा त्याचे नावही घेत नाही. आमच्या घरातला भात 2023 च्या ऑगस्ट महिन्यात कच्चा राहिला, आणि त्याचे खापर सर्वस्वी माझ्या माथ्यावर फुटायला हवे होते. ती हकीकत सांगायची मला हौस नाही. पण दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांतून ‘बाबा, गेमिंग पीसी घेऊ या’ हे वाक्य ऐकू येते, आणि ते ऐकणाऱ्या बाबांपैकी बरेच जण माझ्याच जातीचे असतात, म्हणून सांगतो.

लाल शाईची रेघ

आमच्या चिरंजीवांनी दोन वर्षे शेजारच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करून 22,000 रुपये साठवले होते. वरचे 24,000 मी घालावे, असा आमच्यात तह झाला. एकूण 46,000 रुपयांत खेळांसाठी संगणक बसवायचा, आणि तोही सुटे भाग आणून. त्याने आठ दिवस खपून एक यादी केली. प्रोसेसर इंटेलचा आय-3 12100 एफ, ग्राफिक्स कार्ड एएमडीचे रेडिऑन आरएक्स 6600, सोळा जीबी रॅम, मदरबोर्ड, एसएसडी, कॅबिनेट. आणि शेवटच्या ओळीत: ‘पॉवर सप्लाय, 450 वॅट, रु. 3,000.’

यादी माझ्यापुढे आली तेव्हा हातात पेपर तपासण्याचे लाल पेन होते. पंचवीस वर्षांची सवय. कुठेतरी रेघ मारल्याखेरीज कागद परत करायला जीव होत नाही. दुकानदाराने फोनवर सांगितलेच होते, की कॅबिनेटबरोबर 450 वॅटचा एसएमपीएस ‘फुकट’ येतो.

“तेही साडेचारशे, हेही साडेचारशे,” मी म्हणालो. “मग हे तीन हजार कशाचे?”

“बाबा, ते साडेचारशे आणि हे साडेचारशे सारखे नसतात.”

“का नसतात?”

तो घुटमळला. “सगळे म्हणतात.”

“सगळे म्हणतात, हे उत्तर परीक्षेत चालत नाही,” मी म्हणालो, आणि शेवटची ओळ खोडली.

तो वाद मी जिंकला. वाद जिंकणे माझ्या धंद्याचाच भाग आहे. त्याला कारण सांगता आले नाही, एवढेच सिद्ध झाले होते. कारण नाहीच, असे सिद्ध झाले नव्हते. वर्गात मी हा फरक मुलांना दरवर्षी समजावून सांगतो!

मे महिन्यात यंत्र तयार झाले. त्या फुकटच्या एसएमपीएसमधून ग्राफिक्स कार्डाला जोडायची आठ पिनांची तार निघालीच नाही. तेव्हा दुकानातल्या पोराने कुठल्याशा दोन जुन्या धाटणीच्या तारांना एक जोडतुकडा लावून काम भागवले. “चलता है, साहब,” तो म्हणाला. आणि खरोखरच चालले. मोटारींच्या शर्यती धावल्या, दिवाणखान्यात टायर किंचाळले. अधूनमधून ऐन रंगात आलेला खेळ बंद पडून संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. “खेळातच काही दोष असेल,” असे मी अधिकारवाणीने सांगत असे.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी फटाक्यासारखा आवाज झाला. जळक्या बेकेलाइटचा वास घरभर पसरला. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने आधी मेन स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी निदान झाले: एसएमपीएस गेला, आणि जाताना मदरबोर्डला घेऊन गेला. जळालेल्या बोर्डाला वॉरंटी लागत नाही, असे दुकानातून कळले. नवा बोर्ड म्हणजे चिरंजीवांच्या तीन महिन्यांच्या शिकवण्या.

तो मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर फार बरे झाले असते.

अतिशयोक्ती अलंकार

आमच्या वरच्या मजल्यावर वीज खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. इमारतीत सगळे त्यांना काका म्हणतात. ती जळकी पेटी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. स्क्रू-ड्रायव्हरही बरोबर नेला होता.

“प्राध्यापक, तो आधी खिशात ठेवा,” काका म्हणाले. “ही पेटी आपण उघडायची नाही. तार काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि ती माणसाला चांगला हिसका देऊ शकते. तुम्ही मराठी शिकवता ना? मग लेबल वाचू या.”

मग त्यांनी आधी या पेटीचे काम सांगितले. आपल्या भिंतीत येते ती 230 व्होल्टची, सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी वीज. संगणकाला लागते ती एकाच दिशेने वाहणारी, आणि तीही 12, 5 आणि 3.3 अशा अगदी थोड्या व्होल्टची. पूर्वी असे काम करायला लोखंडी गाभ्याचे जडशीळ ट्रान्सफॉर्मर लागत. या पेटीची युक्ती निराळी आहे. ती भिंतीतल्या विजेचा प्रथम एकदिश प्रवाह करते, तेव्हा तो सुमारे 325 व्होल्टचा होतो. मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून त्याचे तुकडे पाडते, ते तुकडे एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून उतरवते, आणि पुन्हा गाळून सरळ करते. एवढ्या भराभर चालू-बंद होणाऱ्या विजेला लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. एसएमपीएसमधला ‘एस’ म्हणजे हे स्विचिंग.

“आता वाचा,” काका म्हणाले. “12 व्होल्टच्या खाली काय लिहिले आहे?”

“14 अँपिअर.”

“व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. करा हिशेब.”

बारा चौदे एकशे अडुसष्ट. मी पुन्हा गुणाकार केला. पुन्हा 168!

“आणि 5 व्होल्टला?”

“22 अँपिअर. म्हणजे 110 वॅट. 3.3 व्होल्टला 20. म्हणजे 66.” किरकोळ ओळी धरूनही सगळी बेरीज 360 च्या पुढे जाईना. आणि हे सगळे आकडे एकाच वेळी मिळतील असेही नाही, असे काकांनी वर सांगितले. पेटीवर मात्र ठळक, तांबड्या अक्षरांत ‘450’ छापले होते.

“याला तुमच्या व्याकरणात काय म्हणतात?” काकांनी विचारले.

“अतिशयोक्ती अलंकार,” मी म्हणालो.

काकांनी मग मेख सांगितली. जुन्या संगणकांत प्रोसेसरची वीज बहुतेक 5 व्होल्टच्या ओळीवरून जात असे. 2000 सालच्या सुमारास, पेंटियम 4 च्या वेळी, हा भार 12 व्होल्टच्या ओळीवर आला. तेव्हापासून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खादाड जवळजवळ सगळे जेवण 12 व्होल्टच्या पंगतीला बसून घेतात. 5 आणि 3.3 च्या पंगतीला रॅम, डिस्क, कीबोर्ड असली अल्पाहारी मंडळी. म्हणून पेटीवरच्या मोठ्या आकड्याकडे पाहायचेच नाही. पाहायचे ते 12 व्होल्टच्या खालचे अँपिअर. प्रामाणिक 450 वॅटच्या पेटीत ते 36 च्या आसपास असतात, म्हणजे 432 वॅट. आमच्या पेटीत होते 168.

चिरंजीवांना जे सांगता आले नव्हते, ते हे होते. ते साडेचारशे आणि हे साडेचारशे सारखे नव्हते. एका आकड्याच्या मागे 432 उभे होते, दुसऱ्याच्या मागे 168.

वाण्याची यादी

“आता तुमच्या यंत्राची भूक किती, ते बघू,” काका म्हणाले. हा हिशेब वाण्याच्या यादीइतका सोपा आहे. आरएक्स 6600 या कार्डाची भूक 132 वॅट. आय-3 12100 एफ हा प्रोसेसर कमाल 89 वॅट घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांना मिळून 50 धरा. बेरीज 271.

168 वॅटच्या चुलाणावर 271 वॅटचा स्वयंपाक! खेळ ऐन रंगात असताना संगणक का बंद पडत होता, ते तेव्हा उमगले. शर्यत जोरात आली, की कार्ड आणि प्रोसेसर एकदम हात पसरत, आणि पेटीच्या हाताला काही लागत नसे. यंत्र तीन महिने आम्हांला ओरडून सांगत होते, आणि मी ‘खेळातच दोष’ म्हणून त्याचे तोंड दाबत होतो.

“मग 300 वॅटची चांगली पेटी चालेल?” मी विचारले. काटकसर जात्याच अंगात मुरलेली.

“चालेलही. पण घेऊ नका,” काका म्हणाले. ग्राफिक्स कार्डाची भूक सरळ रेषेत चालत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती ती छापील आकड्याच्या बरीच वर उसळते, आणि त्या उसळीला पेटीत जागा लागते. शिवाय पेटी वर्षागणिक म्हातारी होते. आपल्याकडचा उकाडा, बंद खोली, आणि आतल्या कपॅसिटरचा स्वभाव असा, की तापमान दहा अंशांनी वाढले तर त्यांचे आयुष्य ढोबळ मानाने निम्मे होते. म्हणून भुकेच्या दीडपट ते पावणेदोनपट पेटी घ्यावी. 271 ला 450 म्हणजे यंत्र भर वेगात असताना पेटीवर साठ टक्के भार. या कार्डासाठी एएमडीनेही किमान 450 वॅटचीच शिफारस केली आहे.

उलट टोकाचीही चूक होते. काही मुले मित्राने घेतला म्हणून 850 वॅटचा सप्लाय मागतात. दोन माणसांच्या संसाराला लग्नघराचे पातेले कशाला? जास्तीचे पैसे ग्राफिक्स कार्डात घातले तर खेळ तरी अधिक चांगला दिसेल.

इतका वेळ सौ. गप्प बसून ऐकत होती. तिने विचारले, “काका, साडेचारशेचा घेतला म्हणजे बिलही साडेचारशेचे येणार का?”

“नाही, वहिनी. हा आकडा टाकीच्या मापाचा. नळ जेवढा सोडाल तेवढेच पाणी येईल. यंत्र 100 वॅट मागेल तेव्हा पेटी 100 च देईल.”

“आणि आमचा मिक्सर 750 वॅटचा आहे. पण तो एकदम दहा मिनिटे चालवला तर कसा भाजतो! पुस्तिकेत लिहिलंय, मध्ये विश्रांती द्या म्हणून. या पेटीचं तसंच असेल तर?”

काकांनी मांडीवर थाप मारली. “प्राध्यापक, हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता! पेटी साडेचारशे वॅट क्षणभर देते की तासन् तास देते, हेच तर विचारायचे. मिक्सर पाच मिनिटे चालतो. तुमचा मुलगा चार तास बसतो. म्हणून लेबलावर ‘पीक’ असे लिहिले असेल तर तो आकडा सोडून द्यायचा. अखंड किती, ते बघायचे.”

घरी परतताना सौ.ने माझ्याकडे पाहिले, पण काही बोलली नाही. त्या महिन्यात आमच्या घरी न बोलण्याची साथच आली होती.

ब्राँझ म्हणजे काय?

चिरंजीवांच्या यादीत ‘80 प्लस ब्राँझ’ असे शब्द होते. मला ते ऑलिंपिकमधले पदक वाटले होते. काकांनी त्याचाही उलगडा केला.

भिंतीतून घेतलेली सगळी वीज काही संगणकाला पोहोचत नाही. थोडी वाटेतच उष्णता होऊन जाते. 100 वॅट घेऊन 80 किंवा अधिक पोहोचवणाऱ्या पेट्यांना प्रमाणपत्र देण्याचा ‘80 प्लस’ हा उपक्रम अमेरिकेत 2004 साली सुरू झाला. पेटीवर 20, 50 आणि 100 टक्के भार टाकून ते मोजतात. पुढे त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. 115 व्होल्टवरच्या चाचणीत ब्राँझला अनुक्रमे 82, 85 आणि 82 टक्के लागतात, गोल्डला 87, 90 आणि 87.

याचा आपल्या खिशाशी काय संबंध? समजा, यंत्र 250 वॅट खात आहे. 85 टक्केवाली पेटी भिंतीतून 294 वॅट घेईल, 70 टक्केवाली 357 घेईल. फरक 63 वॅटचा. रोज तीन तास खेळ चालला तर वर्षाला सुमारे 69 युनिटे नुसती पेटी तापवण्यात जातात. ‘फुकट’ आलेली पेटी अशी दर महिन्याच्या बिलातून आपले पैसे हळूहळू वसूल करीत असते.

पण काकांनी एक इशाराही दिला. हे प्रमाणपत्र काटकसरीचे आहे, सुरक्षिततेचे नव्हे. गोल्डची पेटी ब्राँझपेक्षा वीज वाचवील, पण ती मजबूतही असेलच असे नाही. मजबुतीसाठी निराळे पाहावे लागते. व्होल्ट वाढले, भार वाढला, तारेला तार चिकटली किंवा पेटी फार तापली, तर तिने स्वतःहून बंद पडावे. हे संरक्षण पेटीच्या माहितीपत्रकात ओव्हीपी, ओपीपी, एससीपी, ओटीपी अशा अक्षरांनी लिहिलेले असते. चांगली पेटी बिघडली तर एकटी बिघडते. वाईट पेटी बिघडताना शेजाऱ्याला घेऊन जाते. आमच्या मदरबोर्डला याचाच अनुभव आला होता.

प्रमाणपत्राचा आणखी एक आडून होणारा फायदा मात्र आहे. शंभर टक्के भारावर मोजणी होते, म्हणजे निदान त्या पेटीने छापलेला आकडा एकदा तरी खरा करून दाखवलेला असतो. फक्त ते चित्र खरे असावे. त्याच्यासारखी दिसणारी बनावट बोधचिन्हेही छापली जातात. खऱ्या पेट्यांची मॉडेलवार यादी त्या उपक्रमाने इंटरनेटवर ठेवली आहे. पाच मिनिटांत ताडून पाहता येते.

ग्रँट रोडची फेरी

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी आम्ही दोघे डोंबिवलीहून निघालो. दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी तारा, सर्किटे आणि संगणक यांच्या गिऱ्हाइकांनी जुने नाव सोडलेले नाही. बोळाबोळांतून दुकाने, दुकानांपुढे खोक्यांची चळत, आणि खोक्यांमधून वाट काढणारे चहावाले.

पहिल्याच दुकानात मला पाहून मालकाने ओळखले, की हे गिऱ्हाईक स्वस्तात भागवणारे आहे. “साहब, कॅबिनेट के साथ ले लो. साढे चार सौ वॅट, फ्री!”

“बारा व्होल्टवर किती अँपिअर?” मी विचारले.

त्याने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. माझ्याकडे पाहिले, मग चिरंजीवांकडे पाहिले, आणि मागच्या फळीवरून दुसरेच खोके काढले. या एका प्रश्नाची किंमत मला तिथे कळली. गिऱ्हाईक लेबल वाचते असे दिसले, की दुकानातला माल आपोआप सुधारतो.

त्या खोक्यावरचा तक्ता आम्ही दोघांनी मिळून वाचला. 12 व्होल्टला 36 अँपिअर. अखंड 450 वॅट. ब्राँझ. वॉरंटी पाच वर्षे. ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोन पिनांची तार मूळचीच, म्हणजे जोडतुकड्याची भानगड नाही. चिरंजीवांनी मला सांगितले, की मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला 75 वॅट मिळतात आणि आठ पिनांच्या तारेतून 150 पर्यंत. आमचे 132 वॅटचे कार्ड त्यात आरामात बसते. पण ते 150 वॅट जुन्या, बारक्या तारांना जोडतुकडा लावून ओढायला गेले, तर तारा आणि टोके भाजतात. तो हे सारे सांगत होता आणि मी ऐकत होतो. पाच महिन्यांपूर्वी मी त्याला एवढे बोलू दिले असते तर!

प्रोसेसरची आठ पिनांची तार आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची तार सकृद्दर्शनी सारखी दिसते, पण आतली जोडणी अगदी निराळी असते, हेही त्यानेच दाखवले. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. सहज जात नसेल तर जोर लावायचा नाही. आणि ज्या पेट्यांच्या तारा सुट्या निघतात, त्यांच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या पेटीला कधीच लावायच्या नाहीत. तोंड बसते, पण आतला क्रम बदललेला असू शकतो.

पेटी घेतली, पक्के बिल घेतले. किंमत 3,000 ला थोडी कमी. म्हणजे मे महिन्यात खोडली होती, जवळजवळ तेवढीच. मधल्या काळात एक मदरबोर्ड तेवढा गमावला.

तिसरे भोक

वाचकांना वाटेल, गोष्ट इथे संपली. पण एक शेपूट राहिले. नवे यंत्र सुरू झाल्यावर दोन दिवसांनी सौ. कॅबिनेट पुसत होती. “अहो, याला हात लावला की मुंग्या येतात,” ती म्हणाली.

मी घाबरून पुन्हा काकांकडे धाव घेतली. त्यांनी पेटीला दोष दिला नाही. ते आले आणि त्यांनी भिंतीतले सॉकेट तपासले. आमची इमारत जुनी. सॉकेटला तीन भोके होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती! अर्थिंग नुसते दिसण्यापुरते.

त्यांनी सांगितले ते असे. एसएमपीएसमध्ये विजेचा गोंगाट गाळण्यासाठी दोन्ही तारांपासून पेटीच्या पत्र्यापर्यंत बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांतून पाझरणारी किंचितशी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायची असते. ती तारच नसली, तर पत्रा भिंतीतल्या विजेच्या साधारण निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर काही बिघडले, तर त्या विजेला जायला वाट हाताखेरीज दुसरी नाही. पेटी कितीही चांगली घेतली, तरी तिचे अर्धे संरक्षण भिंतीतल्या त्या तिसऱ्या भोकावर अवलंबून असते. परवानाधारक वायरमन बोलावून आम्ही अर्थिंग करून घेतले. फ्रीजलाही ते नव्हते, हे त्या निमित्ताने कळले.

काकांनी आणखी एक गोष्ट जाता जाता सांगितली. वीज क्षणभर गेली तर चांगला सप्लाय सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ स्वतःच्या साठ्यावर यंत्र तोलून धरतो. त्याहून जास्त वेळासाठी यूपीएस हवा. बाजारात 600 व्हीए म्हणून मिळणारा यूपीएस बहुधा 360 वॅटचाच असतो. तेव्हा तिथेही ठळक आकडा सोडून वॅटच वाचावेत, आणि त्याच्यावर खेळ चालू ठेवायचा नसून यंत्र नीट बंद करायचे असते, हे मुलांना सांगावे.

एवढ्या उपद्व्यापातून मी शिकलो ते थोडक्यात सांगतो. पुढच्या बाबांना उपयोगी पडेल. आधी कार्ड आणि प्रोसेसर यांची भूक मिळवा, त्यात पन्नास घाला, आणि बेरजेची दीडपट ते पावणेदोनपट करा. मग दुकानात ठळक आकडा सोडून 12 व्होल्टखालचे अँपिअर वाचा आणि बाराने गुणा. कार्डाची तार मूळची आहे ना, संरक्षणाची अक्षरे आहेत ना, वॉरंटी किती वर्षांची, हे विचारा. जुना, वापरलेला सप्लाय स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्याने किती उन्हाळे पाहिलेत, ते बाहेरून दिसत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट काही आले, तर ते फुकट का आले, एवढे मनाला विचारा. आणि घरच्या सॉकेटचे तिसरे भोक तपासून घ्या.

त्या वर्षी दिवाळी बारा नोव्हेंबरला होती. लक्ष्मीपूजन झाल्यावर चिरंजीवांनी यंत्र सुरू केले आणि मला शेजारी बसवले. मोटारींची शर्यत तासभर चालली. एकदाही पडदा काळा झाला नाही. पेटीचा पंखा इतका हळू फिरत होता, की बाहेरच्या फटाक्यांत तो ऐकू येत नव्हता.

टेबलावर त्याची वही उघडी होती. मे महिन्यातली यादी त्यात चिकटवलेली होती. माझी लाल रेघ तशीच होती. मी खिशातले पेन काढले, खोडलेल्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि खाली लिहिले, ‘पुनर्तपासणीत उत्तर बरोबर आढळले. परीक्षकाची चूक.’ आणि सही केली.

त्याने ते वाचले. “बाबा,” तो म्हणाला, “खेळून बघता का एकदा?”

मी पहिल्याच वळणावर गाडी दगडावर आपटली. त्यात मात्र सप्लायचा काही दोष नव्हता.